हात लावल्याशिवाय सोडायचं नाही

अन्याय दोघींवर झाला. एक माझी थोरली बहीण, माझी ताई. दुसरी तिला सांभाळणारी आयसीयूमधली सिस्टर. केव्हा, तेही लिहितो: गणपती गेल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी, खाली मांडवात पाहुण्यांच्या गळ्यात हार पडत होते तेव्हा.

मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहितो आणि स्टेशनबाहेर उभा राहून वाटतो. कुणावर, केव्हा आणि कुणी, हे आधी सांगावं आणि मग ओरडावं, असं मला शिकवलं गेलंय. ह्या वेळी ओरडायला जमत नाहीये. म्हणून जसं आठवतंय तसं लिहितो.

आम्ही भांडुपचे. डोंगराच्या उतारावर चाळ, चाळीत सगळे मालवणकडचे. गिरणी बंद पडली तेव्हा बाबा गावी जाऊन बसले आणि घर ताईवर आलं. ती औषधांच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरायची. माझी पत्रकं वाचून म्हणायची, "किती रे उद्गारचिन्हं! वाचणाऱ्याचे डोळे फुटतील." आणि मग स्वतःच त्यातली निम्मी खोडायची.

श्रावण लागता लागता ती एकदा जिना चढताना बसली ती उठलीच नाही. पाय गेले. दुसऱ्या दिवशी हात गेले. तिसऱ्या दिवशी पाणी गिळता येईना, आवाज नाकातून यायला लागला. आम्ही तिला टॅक्सीत घालून उपनगरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, हां, तिथे असं होतं. मला तुम्हाला तशी पळवाट द्यायची नाही.

तिथल्या तरुण डॉक्टरने आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. चांगला माणूस होता, डोळे झोपेने लाल. म्हणाला, "हा नसांचा आजार आहे. पायातून वर चढतो, छातीपर्यंत येतो, थांबतो, आणि मग जसा चढला तसा उतरतो. माणूस उठून घरी जातो."

आई म्हणाली, "म्हणजे बरी होतली?"

"होणार. पण तो उतरेपर्यंत तिचा श्वास कुणीतरी चालवायला पाहिजे. औषध जवळजवळ नाहीच ह्याला. सांभाळणं हेच औषध."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते औषध नव्हतं म्हणून झालं नाही.

ताईच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि श्वासाचं मशीन लावलं. ती पूर्ण शुद्धीत होती. सगळं ऐकत होती, सगळं कळत होतं, फक्त बोट हलत नव्हतं आणि आवाज नव्हता. पाठीखाली चादरीची घडी रुतली तरी सांगता येत नव्हतं, नाकावर माशी बसली तरी उडवता येत नव्हती. अशा माणसाला घंटी देऊन काय उपयोग? तिची घंटी म्हणजे सिस्टर.

सिस्टर वसईकडची. अंगाने भरलेली, आवाज मासळीबाजारातून आणल्यासारखा. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तू तो पत्रकवाला ना? मागच्या आठवड्यात स्टेशनबाहेर वाटत होतास. हात काळे शाईचे. माझ्या पेशंटला त्या हाताने शिवलास तर तुझंच पत्रक काढीन. जा, कोपरापर्यंत धू."

मी धुऊन आलो. तिने बघितलं. "नखं कोण धुणार, तुझा पुढारी?"

ताईला हसता येत नव्हतं. पण तिचे डोळे हसले. ते डोळे सिस्टरनेच आधी वाचले होते. वर बघितलं की हो, मिटले की नाही, असं तिने ताईशी ठरवलं होतं. मग ती मुळाक्षरं म्हणायची. क, ख, ग करत जायची आणि ताई हव्या त्या अक्षरावर डोळे वर करायची. अशा पद्धतीने ताईचा पहिला शब्द आला, तो "वेणी". कितीतरी दिवस केसांना कंगवा लागला नव्हता. आईने पिशवीतून तेल काढलं आणि मागे वेणी घालायला घेतली, तर सिस्टर म्हणाली, "मागे नको गं आई. ती दिवसभर त्याच्यावर निजणार, तिथे जखम होईल. दोन घाल, कानावरून पुढे." तेव्हापासून ताईला शाळेतल्या मुलीसारख्या दोन वेण्या होत्या, लाल फितीच्या.

आईने गावच्या देवीचा गंडा आणला होता. "ह्यो गळ्यातच बांधूक व्हयो," म्हणून हटून बसली.

"गळ्यात माझी नळी आहे," सिस्टर म्हणाली. "पायात बांध. आजार कुठून चढला? पायातून ना? मग देवीला पण तिथूनच चढू दे."

आईला हे पटलं. गंडा पायात गेला.

मी दिवसभर तिथे बसून बघायचो. सिस्टर काही लिहीत असली तरी तिचं तोंड खाटेकडे असायचं. ताईला कुशीवर वळवायचं असेल तर आधी तिला सांगायची, "वळवतेय हां बाय, डावीकडे." झोप लागली की ताईच्या पापण्या अर्ध्या उघड्याच राहायच्या, म्हणून डोळ्यांवर ओली पट्टी ठेवायची, आणि ती बदलताना विचारायची, "गार लागलं?" नळीत कफ साठला की मशीनचा आवाज जरा बदलायचा. मला तो कधीच कळला नाही. तिला पाठमोरं असतानाही कळायचा, बोलणं अर्धं टाकून यायची, बारीक नळी घालून कफ ओढून घ्यायची. ह्याला कुणी शौर्य म्हणत नाही. पण ताई जिवंत होती ती ह्यामुळे. मशीन हवा देतं. ती हवा आत पोचतेय की नाही ते माणूसच बघतो.

ड्युटी संपताना ती "ओव्हर" द्यायची. नुसतं टेबलावर बसून "सगळं ठीक" असं नव्हे. नवी सिस्टर आणि ती दोघी खाटेपाशी उभ्या राहायच्या आणि डोक्यापासून सुरू करायच्या. गळ्याची नळी, हाताची सुई, कुशीची उशी, लघवीची पिशवी. नवीने प्रत्येक गोष्टीला हात लावायचा. तो लागल्यावरच जुनीने आपला काढायचा. एकदा नवी सिस्टर घाईत म्हणाली, "झालं गं, मला माहितेय ही पेशंट."

"माहितेय ना? मग हात लाव."

गणपती बसले आणि मशीन बंद पडलं. कुठलासा भाग मागवावा लागणार होता. दुसऱ्या मशीनवर दुसरा पेशंट होता. त्याचं काढून हिला कसं देणार? डॉक्टरने अंबू बॅग आणली. रबराचा फुगा, गळ्याच्या नळीला जोडायचा आणि हाताने दाबत राहायचं. दाबला की श्वास आत, सोडला की बाहेर. दिवस आणि रात्र. आयसीयूत सिस्टर दोन, खाटा आठ. दाबणार कोण? नातेवाईक. आपल्याकडे हीच पद्धत आहे, तुम्ही कुठेही जाऊन बघा.

सिस्टरने मला शिकवलं. "मोजू नको, चुकशील. तू स्वतः श्वास घे, तसाच तिला दे. घाई नाही. आणि एक लक्षात ठेव. फुगा हाताला मऊ लागला पाहिजे. कडक लागला म्हणजे नळी भरली. मग तू काही करायचं नाही, जोर तर लावायचाच नाही. मला हाक मारायची."

चाळीतले काका त्याच संध्याकाळी आले. काका म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे म्होरके, गिरणीतून निवृत्त. त्यांनी उभं राहून सगळं बघितलं आणि म्हणाले, "ह्यो सप्ताहच झालो."

गावी आमच्याकडे सप्ताह असतो. देवळात अखंड नामस्मरण, वाडीवाडीचे पहारे लावलेले. वीणा एकाच्या गळ्यात असते आणि ती जमिनीला टेकत नाही. पुढच्या पहाऱ्याचा माणूस येतो, वीणेला हात लावतो, मगच आधीचा सोडतो. काकांनी चाळीचे पहारे लावले. खालच्या खोल्या सकाळी, वरच्या दुपारी, कामावरून सुटलेले रात्री. नियम एकच, पुढच्याचा हात फुग्यावर पडल्याशिवाय मागच्याने सोडायचा नाही.

सिस्टरने ते ऐकलं आणि खूश झाली. "अरे, हेच आमचं ओव्हर! काका, तुम्हाला मेट्रन करायला पाहिजे."

"साडी माका शोभूची नाय," काका म्हणाले. ताईचे डोळे वर गेले. शोभेल म्हणे.

चाळीतला गणपती त्या वर्षी जवळजवळ एकटाच होता. आरतीला बायका आणि पोरं. पुरुष सगळे आळीपाळीने रुग्णालयात, कोपरापर्यंत हात धुऊन, फुगा दाबत. ज्यांच्याशी ताईचं नळावरून भांडण होतं तेही आले. एकाने तर फुगा दाबता दाबता तिला ऐकवलं, "बादली आधी माझीच होती हां. आता बोल." ताईने डोळे घट्ट मिटले. नाही.

विसर्जनानंतर दोनच दिवसांनी, शनिवारी, सिस्टर रोजच्यासारखी ताईच्या तळहातात आपलं बोट ठेवून म्हणाली, "ढकल." ती रोज म्हणायची, रोज काही व्हायचं नाही. त्या दिवशी ताईच्या अंगठ्याने बोट ढकललं.

सिस्टरने पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा ढकललं. मग ती डॉक्टरला बोलावून आली, आणि डॉक्टर हसला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो माझ्याच वयाचा आहे. "उतरायला लागलं," तो म्हणाला. आईने खाटेच्या पायथ्याशी जाऊन गंडा बांधलेल्या पायावर डोकं टेकलं.

मग सोमवार.

रुग्णालयाच्या नव्या इमारतीची कोनशिला बसणार होती. मोठे पाहुणे येणार म्हणून आठवडाभर जिन्यांना चुना, कुंड्यांना गेरू चालला होता. दुपारी माझा पहारा होता. आमच्या बाजूच्या चार खाटा सिस्टरकडे, पलीकडच्या चार दुसऱ्या सिस्टरकडे. मेट्रन आत आली.

"खाली चल. सगळ्या वॉर्डांतून एकेक सिस्टर हवीय. पाहुणे गेटवर आलेत. आपला स्टाफ रांगेत दिसला पाहिजे. तुझ्याकडे गुलाबदाणी."

सिस्टर म्हणाली, "मॅडम, मशीन बंद आहे. पोरगा हाताने श्वास देतोय. सकाळपासून कफ जास्त आहे. मी ओव्हर कुणाला देऊ?"

"पलीकडची बघेल ना."

"तिच्याकडे एकाचं बिघडलंय, बघा तुम्हीच. ती इथे येऊन हात लावेल तर मी जाते. नाहीतर नाही."

"नाही म्हणजे?"

"गुलाबपाणी शिंपडायला नर्सिंग शिकणाऱ्या पोरी आहेत मॅडम तुमच्याकडे. इथून मी हलत नाही."

मेट्रन गेली आणि परत आली. ह्या वेळी तिच्यामागे ऑफिसचा एक माणूस होता. तो आत आला नाही, दारातूनच म्हणाला, "सिस्टर, हा हुकूम आहे. लेखी पाहिजे का? लेखी दिला तर नोकरी पण लेखीच जाईल." मेट्रन जमिनीकडे बघत होती. "चल गं," ती हळू म्हणाली. "पाच मिनिटं. माझी पण नोकरी आहे."

सिस्टरने ताईच्या नळीतला कफ ओढला. पलीकडे ओरडून सांगितलं, "माझ्या ह्या खाटेकडे कान ठेव!" तिकडून आवाज आला, "ठेवते, जा!" मग ती ताईच्या तोंडावर वाकली. "जाऊन आले हां बाय. रागावू नको." आणि मला म्हणाली, "कडक लागला तर ओरड. लाजू नको. स्टेशनवर ओरडतोस तसा."

ती गेली. तिच्या जागी कुणाचा हात आला नाही.

खाली लाऊडस्पीकर सुरू झाला. आधी सनई, मग भाषण. मी श्वास घेत होतो आणि देत होतो. ताई माझ्याकडे बघत होती. मी तिला सांगत होतो की उद्या मशीनचा भाग येणार आहे, डॉक्टर म्हणालाय. तिने डोळे वर केले.

आणि फुगा कडक लागला.

मी ओरडलो. लाऊडस्पीकरवर टाळ्या पडत होत्या. पुन्हा ओरडलो. पलीकडच्या सिस्टरने मान वळवून बघितलं. ती एका म्हाताऱ्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होती. "आले रे! आले! सोडू नको!" ती आली नाही. तिने त्या छातीवरून हात काढले असते तर तो म्हाताराही गेला असता. मी तिला दोष देत नाही, आणि कुणी तो दिलेला मला चालणार नाही. डॉक्टर खाली अपघात विभागात होता. वॉर्डबॉयला मी हाका मारल्या, तो धावत सुटला जिन्याकडे.

फुगा दबत नव्हता. मी सोडला नाही. ताई सगळं समजत होती. तिला ओरडता येत नव्हतं, हात मारता येत नव्हता, मान झटकता येत नव्हती. तिचे फक्त डोळे मोठे झाले. मी म्हणालो, "ताई, येतायत. येतायत गं. थांब ना." तिने डोळे वर केले.

हो.

ते मग खाली आलेच नाहीत.

सिस्टर जिन्यावरून धावत आली तेव्हा तिच्या हातात अजून गुलाबदाणी होती. ती तिने फेकली. नळी घातली, ओढलं, घट्ट कफाचा बोळा निघाला आणि फुगा माझ्या हातात एकदम मऊ झाला. मी दाबला. मऊ. छाती वर आली, खाली गेली. डॉक्टर आला, त्याने छातीवर दाब दिला, सिस्टरने इंजेक्शनं भरली, मी फुगा दाबत राहिलो. बराच वेळ. शेवटी डॉक्टरने माझा हात धरला. मी सोडेना. पुढच्याचा हात पडल्याशिवाय सोडायचं नाही ना. मग सिस्टरने आपला हात फुग्यावर ठेवला, आणि म्हणाली, "दे."

तेव्हा मी दिला.

भेटीच्या वेळेला आई आली. पिशवीत धुतलेल्या लाल फिती. वॉर्डमध्ये गुलाबपाण्याचा वास भरला होता. तिने ताईकडे बघितलं, मग सिस्टरकडे. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. घरातल्या पोरीला विचारावं तसं विचारलं, "तू खंय गेल्लंस गो बाय?"

सिस्टर भिंतीला टेकून खाली बसली. एवढा आवाज असलेली बाई.

आईने फिती बदलल्या. दोन वेण्या, कानावरून पुढे. आता मागे घातली असती तरी चाललं असतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. चौकशी बसली. सिस्टर निलंबित झाली. कारण: ड्युटीवर असताना पेशंटला सोडून गेली. कोनशिलेचा उल्लेखच नाही. दारातून हुकूम देणारा माणूस त्या दिवशी रजेवर होता म्हणे. मला बोलावून विचारलं, "तुमचा हात थकला होता का? मध्ये थांबला होतात का?" म्हणजे सिस्टर नाही तर मी. इमारतीच्या कोनशिलेवर ज्यांची नावं कोरलीयत त्यांच्यापैकी कुणालाही एकही प्रश्न विचारला गेला नाही.

माझ्याच संघटनेतला एक मित्र म्हणाला, "यार, पत्रक काढू. मथळा झकास आहे, सिस्टरच्या निष्काळजीपणाचा बळी." मी त्याच्याशी बोलणं सोडलंय. चाळीतही कुणी म्हणालं की तिला तिथेच दोन द्यायला हव्या होत्या. तेव्हा काका ताडकन उठले. "तिना वीणा टाकूक नाय," म्हणाले. "तिच्या गळ्यातसून ओढून घेतल्यानी."

मी एकदा सिस्टरच्या घरी गेलो. पेपर वाचल्यासारखी बसली होती, पान उलटत नव्हती. मला बघून म्हणाली, "हात धुतलेस?" आणि मग रडायला लागली. म्हणाली, "अंगठा हलला होता रे तिचा."

आजार उतरत होता. हे मला झोपू देत नाही. जे चढलं होतं ते उतरत होतं, आणि तिला फक्त एक माणूस हवा होता, खाटेकडे तोंड करून उभा असलेला. तो माणूस होता. तिथेच होता. त्याला आपण गुलाबपाणी शिंपडायला नेलं. "आपण" म्हणतो, कारण मांडवात टाळ्या वाजवणारे कुणी परग्रहावरून आले नव्हते.

सिस्टरची चौकशी अजून संपलेली नाही. म्हणून आता तुम्हाला सांगतो, विनंती नाही. उद्या तुमच्या घराजवळच्या रुग्णालयात जा. तुमचं कुणी आजारी असण्याची वाट बघू नका. आयसीयूच्या दारात जाऊन सिस्टरला नव्हे, ऑफिसला विचारा: इथे एका सिस्टरकडे किती खाटा? ती खाटेपासून हलली तर तिच्या जागी कुणाचा हात पडतो? त्याचं नाव सांगा. ते म्हणतील साहेब कामात आहेत. म्हणतील उद्या या. तुम्ही जाऊ नका. बरोबर शेजाऱ्याला न्या, आणि तुम्हाला घरी जावं लागलं तर आधी त्याला तुमच्या जागी उभं करा.

नाव मिळेपर्यंत दार सोडू नका.